धम्मशीला पाण्यात उतरली

"पोहता येतं का तुला, बाई?" तात्यारावांनी विचारलं, आणि मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बसलेली सात-आठ माणसं दात काढून हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. धम्मशीला दारात उभी होती. हातात अर्ज होता आणि अर्जाला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला टाचलेला होता. तसला कागद धरून उभ्या राहिलेल्या बाईसमोर हसणाऱ्या माणसांना काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

गावाचं नाव राहू द्या. अध्यक्ष तात्यारावांना फुकटचा मोठेपणा कशाला? येलदरीच्या अलीकडं, जिंतूर तालुक्यात, टेकड्यांच्या मधे एक तलाव आहे एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. त्या तलावाच्या मासळीचा ठेका या सोसायटीकडं. कागदावर एकवीस सभासद होते. त्यातले खरोखर जाळं टाकणारे किती? चार. तीन भोई आणि चौथा धम्मशीलाचा नवरा नागसेन. बाकीच्या सतरा जणांचा मासळीशी संबंध ताटापुरता. मासळी चौघांनी धरायची आणि वाटा एकवीस जणांनी खायचा, असा तिथला कारभार.

नागसेनला अकरा वर्षांपूर्वी सभासद करून घेतलं तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. तेव्हा दुष्काळ होता, तलावात नुसता चिखल होता आणि सोसायटीच्या नोंदणीला माणसं कमी पडत होती. वस्तीतला एक माणूस कागदावर असला तर साहेबलोकांना बरं दिसतं, म्हणून त्याला घरी येऊन बोलावून नेलं. नागसेनला पोहता येत नव्हतं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, कमरेला तेलाचा रिकामा कॅन बांधून त्यानं अकरा वर्षं रोहू-कटला धरला. घरी धम्मशीला जाळी सांधायची, मासळी निवडायची, टोपलं घेऊन बाजार करायची. यंदा श्रावणात नागसेन गेला. पाण्यात नव्हे, जिंतूरच्या बसस्टँडवर, छातीत कळ येऊन, हातात चहाचा कप असताना.

आता जाळं टाकायचं तर सोसायटीत नाव पाहिजे. नाव नसलं तर तलावाला हात लावायचा नाही. वारसाची नोंद व्हावी म्हणून तिनं अर्ज आणला, तर हा प्रश्न.

"न्हाई येत," ती म्हणाली. "माज्या मालकाला बी येत नव्हतं. तवा तुमी कामून नाही विचारलं?"

"तवाची गोष्ट येगळी. आता नियम झालाय. सभासदाला पोहता आलं पायजे. उद्या तुजं काही बरंवाईट झालं तर जिम्मेदारी कोन घेणार?"

"नियम दावा."

सेक्रेटरी भुजंग वही उलटीपालटी करायला लागला. त्यात काही असतं तर सापडलं असतं. "तोंडी ठराव हाय," तो म्हणाला.

तात्यारावांनी मोठ्या मनानं महिन्याची मुदत दिली. महिन्यानं सगळ्या सभासदांसमोर सांडव्याच्या भिंतीपासून पाण्यातल्या वाळक्या बाभळीपर्यंत जाऊन परत यायचं. जमलं तर नाव लागेल. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला. हा दुसरा कोण ते साऱ्या गावाला माहीत होतं. तात्यारावांचा भाचा महारुद्र, जो मोटारसायकल धुवायलासुद्धा तलावाच्या काठाला दुसऱ्याला पाठवतो.

धम्मशीलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी येऊन तिनं टोपलं असं आदळलं की सासू, सरजाबाई, बाजेवरून उठून बसली.

"काय झालं ग?"

"आपल्या वस्तीत कोनालाच कसं पोहता येत न्हाई, आत्या? पन्नास घरं हायत. एक बाप्या न्हाई, एक बाई न्हाई. तळं समोर हाय आन् आपन सगळे दगडासारखे बुडनारे! लाज वाटत न्हाई का कोनाला?"

सरजाबाईनं सुनेकडं पाहिलं. मग तीही भडकली. सत्तरीची म्हातारी, पण आवाज ऐकून कोंबड्या उडाल्या.

"लाज मला इचारतीस? पोहायला पानी लागतं, बाई! आमाला पानी कोन दिलं व्हतं? मी नवरी म्हनून आले तवा पाटलाच्या हिरीखाली घागर घिऊन दीस-दीसभर बसत व्हते. वरून कोनी वतलं तर घागर भरायची, न्हाई तर तशीच उचलायची. तुजा चुलत सासरा दहा वर्सांचा असताना उनाचं त्या हिरीत उडी मारला. पोरगंच ते. त्याला वर काडून लिंबाला बांधला आन् चाबकानं फोडला. मग हिरीचं सगळं पानी उपसून टाकले. त्या दिसापासून आमच्यातल्या आया लेकराला पान्याचं भ्या घालून वाढविल्या. ते भ्या नवतं, धम्मशीले. त्यो मार व्हता."

धम्मशीला खाली बसली. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या. आधी पाण्याला शिवू द्यायचं नाही आणि तीन पिढ्यांनंतर विचारायचं, का ग, तुला पोहता कसं येत नाही? वर हसायचं. तिला रडू आलं नाही. तात्यारावांच्या खोलीला काडी लावावी असं वाटलं, आणि ते तिनं तसंच्या तसं बोलूनही दाखवलं.

"काडी लावशील तर जेलात जाशील," सरजाबाई म्हणाली. "आन् पान्यात उतरशील तर मसनात. पोरगं गेलं माजं, आता तू बी जा. मी एकलीच राहते." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

शिकवणार कोण हा प्रश्न होता. धम्मशीला दुसऱ्या दिवशी कडूबाईकडं गेली. कडूबाई म्हणजे तीन भोयांपैकी सगळ्यात जुन्या लिंबाजीची बायको. साठीची, काटक, आणि तोंड असं की बाजारात तिच्याशी भाव करायला पोलीससुद्धा कचरायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पचकन थुंकली.

"आमचा जलम पान्यात गेला आन् सोसायटीत आमचे तीन नावं. त्या तात्यारावाचा पाय कवा वल्ला झालेला मी बघितला न्हाई. ये, शिकिवते तुला. पन तळ्यात नगं. काठाला गाळ हाय, पाय रुतला की घाबरशील. शिकायचं तर हिरीत. हिरीत पयल्या पायरीपासून पानी खोल असतंय, पाय टेकवायची लालूचच न्हाई."

विहीर होती. नागसेनच्या चुलत भावाला, सिद्धोधनला, तीन वर्षांखाली सरकारी योजनेतून विहीर मिळाली होती. वस्तीतली पहिली स्वतःची विहीर. तिच्यावर मोटार बसली, कापूस भिजला, हरभरा भिजला. पण तिच्यात अजून कोणी उतरलं नव्हतं. सिद्धोधन आधी कानकोंडा झाला. "वैनी, लोकं काय म्हनतील?" धम्मशीलानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं मोटारीचा वायर गोळा करायला लागला.

पहिल्या दिवशी ती नागसेनची पँट आणि शर्ट घालून गेली. कडूबाईनं तिच्या पाठीला दोन रिकामे कॅन बांधले, कमरेला दोर बांधला आणि म्हणाली, "बघ तर, खाली कासव दिसायलंय का?" धम्मशीला वाकली आणि कडूबाईनं तिला मागून ढकललं.

ही काय शिकवायची रीत झाली? पण या भागात विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला असंच शिकवलेलं आहे. पाठीला भोपळा नाही तर कॅन बांधायचा आणि द्यायचं ढकलून. धम्मशीला नाकातोंडात पाणी जाऊन वर आली ती शिव्या देतच आली. कडूबाईच्या सात पिढ्या तिनं त्या विहिरीत उभ्या केल्या. कडूबाई वर दोर धरून हसून हसून बेजार झाली.

"दे, अजून दे! शिव्या देतीस म्हंजी श्वास चालू हाय!"

"मावशे, वर येऊ दे, तुजं काय करते बघ!"

"हात मार मग. हात मारल्याबगर वर कशी येशील?"

पंधरा दिवस रोज सकाळी हेच चाललं. धम्मशीलाला राग उपयोगी पडला आणि रागानंच नडलं. पाण्याला ती धोपटल्यासारखी मारायची. चार हातांत दम लागायचा आणि खाली जायची. कडूबाई वरून ओरडायची, "अग, धुनं धुवायलीस का? पान्याला पोटाखाली घे!" एक दिवस तिनं एक कॅन सोडला, चार दिवसांनी दुसरा. त्या दिवशी धम्मशीला तीनदा बुडाली. तिसऱ्यांदा दोरानं ओढून काढली, तेव्हा पायरीवर उलटी करत ती म्हणाली, "मला जमत न्हाई. मी चाळीसची झाले. हाडं वाकत न्हाईत आता. मरू दे ती सोसायटी."

"मरू दे," कडूबाई म्हणाली. "म्हारुद्राला पेढे घिऊन जाऊ आपन दोघी."

धम्मशीला तोंड पुसून परत पाण्यात उतरली. कोणी न ढकलता उतरली ती पहिली वेळ. पायरी सोडली आणि विहिरीच्या कडेकडेनं, दगडाला उजवा खांदा घासत, तिनं पूर्ण फेरी मारली. मग दुसरी. वर पाहिलं तर कठड्याला टेकून सरजाबाई उभी होती. कधी आली होती कोण जाणे. खाली विहिरीतल्या सुनेकडं बघत होती. मग पदरानं डोळे पुसून रागारागानं निघून गेली.

महिना भरायच्या सुमारास धम्मशीला विहिरीत पंधरा-वीस फेऱ्या न थांबता मारायला लागली होती. कडूबाईला वाटलं, काम झालं. दोघींच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही, आणि ती आली नाही म्हणून सगळंच हातचं जायची पाळी आली.

ठरल्या दिवशी सांडव्यावर निम्मं गाव जमलं, सरजाबाईसुद्धा आली. सभासद पांढरे कपडे घालून, जणू लग्नाला आल्यासारखे. तात्यारावांना खुर्ची होती. धम्मशीला काठावर आली, पण पाण्यात उतरेना.

"का? भ्या वाटायलंय?" तात्याराव म्हणाले.

"तोंडी नको, अध्यक्ष. नियम वहीत लिवा आन् सही करा. मग उतरते. उद्या तुमी म्हनाल, असा नियमच नव्हता."

तात्यारावांनी इकडं तिकडं पाहिलं. बाई बुडणार किंवा अर्ध्यातून परत येणार याची त्यांना खात्री होती. लेखी असलं तर बरंच. आणि एकट्या बाईसाठी नियम केला असं उद्या तहसीलला कोणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी भुजंगला मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: "लिही. सोसायटीच्या प्रत्येक सभासदास पोहता येणे बंधनकारक आहे. ज्यास पोहता येत नाही त्याचे सभासदत्व रद्द समजावे. सर्वानुमते मंजूर." झोकात सही केली. भुजंगनंही केली. धम्मशीलानं वही हातात घेऊन शब्दन् शब्द वाचला, मग पाण्यात उतरली.

पहिले वीस हात झकास गेले. मग काठावर कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसायला लागले. धम्मशीलानं मान वर केली तर समोर बाभळ नव्हतीच. समोर सांडव्याची भिंत आणि ते हसणारे पांढरे कपडे. ती वळून परत काठाकडंच चालली होती.

विहिरीत शिकलेली बाई! महिनाभर भिंतीला उजवा खांदा लावून गोल गोल फिरलेली. अंगाला तेच वळण पडलं होतं. मोकळ्या पाण्यात भिंत नाही, तरी हात आपले डावीकडंच वळत होते. तिनं तोंड फिरवलं, बाभळीकडं निघाली, आणि पुन्हा दहा-बारा हातांवर डावीकडं वळली.

"अरे, घाण्याला जुपलीय का काय!" महारुद्र ओरडला. "तेल निघंल आता!"

हसण्याचा असा कल्लोळ झाला की तळ्यावरचे बगळे उडाले. धम्मशीलाच्या नाकात पाणी गेलं. खाली पाय टेकवायला काही नव्हतं, बाजूला धरायला दगड नव्हता. दम संपत आला होता. त्या एका क्षणाला तिला दिसलं की हे सगळं इथंच संपणार, जाळी भिंतीवर कुजणार आणि हे लोक संध्याकाळी जेवताना हाच किस्सा सांगणार. असा संताप आला की डोळ्यांपुढं लाल झालं.

"धम्मे!" कडूबाई गुडघाभर पाण्यात येऊन बोंबलत होती. "डावा हात जोरात मार! डावा! आन् बाभळीवरली नजर काडू नगंस!"

डावा. तिनं डावा हात असा मारला की जणू हाताखाली कोणाचं तरी थोबाड आहे. अंग उजवीकडं वळलं. बाभळ समोर आली. चार हात मारले की अंग डावीकडं ओढायचं, की परत डावा जोरात. चार हात, मग डावा. चार हात, मग डावा. वेडीवाकडी, नागमोडी, शंभर हातांच्या जागी दीडशे हात पाणी तोडत ती बाभळीला पोचली. फांदीला धरून तिनं दम घेतला आणि काठाकडं पाहिलं. काठावरचं हसणं थांबलं होतं.

परत येताना ती तशीच आली, वाकडीतिकडी. चिखलातून रांगत वर चढली. कडूबाईनं अंगावर लुगडं टाकलं. धम्मशीला थरथरत होती, ओठ निळे पडले होते, पण ती थेट खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

"नाव लावा."

तात्याराव खाकरले. "पोहलीस खरं. पन सरळ कुठं पोहलीस? पुढच्या मीटिंगला इचार करू..."

"वहीत सरळ कुठं लिवलंय?"

गर्दीतून "लावा की नाव" असा आवाज आला. मग दुसरा आला. लिंबाजी तर काठी आपटत पुढं आला. तात्यारावांनी तोंड वाकडं करून भुजंगला खूण केली आणि भुजंगनं नाव लिहिलं: धम्मशीला नागसेन. एकविसावी. तात्यारावांनी सही केली, टोपण लावलं आणि हळूच, पण जवळच्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "झालं बाईचं काम. आता ते आधीचं पान फाड."

भुजंगनं पानाला हात घातला. धम्मशीलानं ओला हात त्या पानावर दाबून ठेवला. शाई जरा पसरली.

"फाडायचं न्हाई."

"तुजं नाव लागलं ना? आता काय?"

"माजं लागलं. नियम सगळ्याला हाय. प्रत्येक सभासदास, असं तुमीच सांगितलं, मोठ्यानं. माज्या सासूनं बी ऐकलं, गावानं बी ऐकलं." तिचा आवाज थंडीनं कापत होता. "एक महिना मी मरत व्हते त्या हिरीत. रोज पानी पिऊन वकत व्हते. तुमी मला पान्यात पाठविलं ते बुडाया पाठविलं. म्या नियम पाळला. आता तुमी पाळा."

लिंबाजीनं काठी बाजूला ठेवली, सदरा काढला आणि कोणी न सांगता पाण्यात शिरला. त्याच्यामागं दुसरे दोघे भोई. पन्नास हात जाऊन तिघंही आरामात परत आले आणि निथळत उभे राहिले. बाकीचे सतरा जण आपापल्या चपलांकडं बघत होते. महारुद्र गर्दीच्या मागं सरकला होता.

धम्मशीलानं वहीचं पहिलं पान उलटलं, जिथं सभासदांची यादी होती, आणि ओलं बोट पहिल्या ओळीवर टेकवलं.

"पयलं नाव तुमचंच हाय, अध्यक्ष. पोहता येतं का तुमाला?"

तात्यारावांनी पाण्याकडं पाहिलं. मग गर्दीकडं. निम्मं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं आणि आता एकही माणूस हसत नव्हता.

"न्हाई येत," ते शेवटी पुटपुटले.

"लिवा, भुजंगभाऊ," धम्मशीला म्हणाली. "आन् पुढचं नाव वाचा."